भंगारात सापडलेली लष्करी वस्तू ओळखायची कशी? मोबाईल, एक गोल आरसा आणि कावळ्याच्या पायाची खूण



जुन्या बाजारात, भंगाराच्या दुकानात किंवा आजोबांच्या माळ्यावर कधीतरी अशी वस्तू हाती लागते की तिचं नावच कळत नाही. जड असते, मजबूत असते, हिरवा किंवा काळा रंग उडालेला असतो. विकणारा एवढंच सांगतो, "मिलिटरीचं आहे भाऊ, तुटणार नाही." मग आपण काय करतो? मोबाईल काढतो, फोटो घेतो, फोटोवरून शोधणाऱ्या ॲपला विचारतो आणि चार ग्रुपवर टाकतो. पाच मिनिटांत दहा उत्तरं येतात आणि दहाही वेगळी असतात.

आजच्या लेखात आपण हेच पाहणार आहोत, की अशी वस्तू मोबाईलच्या मदतीने नीट ओळखायची कशी. सगळ्या लेखाचं सार एका वाक्यात सांगायचं तर असं: फोटो फक्त सारखेपणा सांगतो, ओळख पटते ती वस्तूवरच्या खुणेवरून आणि तिच्या रचनेवरून.

हा विषय खानदेशात जास्त जवळचा का आहे, तेही सांगतो. जळगाव जिल्ह्यात भुसावळला १९४९ पासून आणि वरणगावला १९६४ पासून ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. वरणगावला बंदुकीची काडतुसं बनतात, तर भुसावळला दारूगोळा ठेवायच्या पेट्या आणि डबे. धुळे तर मुंबई-आग्रा रोडवरचं शहर, देशभराचा माल इथून जातो. सैन्याचं वापरून झालेलं सामान सरकारी ई-लिलावातून रीतसर विकलं जातं आणि हात बदलत बदलत आपल्याकडच्या दुकानांत पोचतं. त्यामुळे पाण्याची बाटली, कॅनव्हासची पिशवी, लोखंडी पेटी, जुना टेलिफोन अशा वस्तू आपल्याकडे दिसणं नवलाचं नाही.

धुळ्याचा गोल आरसा

उदाहरण घरचंच घेऊ. माझा मावसभाऊ धुळ्याला असतो. त्याने एका भंगाराच्या दुकानातून साडेतीनशे रुपयांना एक वस्तू आणली आणि मला जळगावला फोटो पाठवला. फोटोत काय होतं? एका पितळी कड्यात बसवलेला गोल आरसा. कडं एका इंग्रजी यू अक्षरासारख्या कमानीत अडकवलेलं. मागे एक लांब स्क्रूची दांडी, खाली गोल बैठक आणि बाजूला एक छोटा दांडा. दुकानदाराचं म्हणणं, "भाऊ, हाई दाढी कराना आरसा शे, साहेब लोकेसना."

शेजारचे नाना म्हणाले, "पितळ चांगलं आहे, मोडीत दे." आणि तिसरा भेटला तो सोशल मीडियावर. त्याने मेसेज केला की वस्तू इंग्रजांच्या काळातली आहे, हिच्यात खास धातू असतो, माझ्याकडे लाखात घेणारी पार्टी आहे, फक्त आधी टेस्टिंगचे पाच हजार भरावे लागतील.

भावाने मला विचारलं, "दादा, काय करू?"

म्हणजे पाहा, एका आरशाची तीन भविष्यं होती. मोडीच्या भट्टीत वितळणं, पाच हजारांची फसवणूक, नाहीतर कुणालाच न कळलेली एक वस्तू म्हणून कोपऱ्यात पडून राहणं. तिघांपैकी कोण बरोबर, हे ठरवायला आधी ती वस्तू काय आहे हे कळायला हवं होतं.

पायरी शून्य: हात लावायच्या आधी

ओळखायच्या नादात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहून जाते, म्हणून ती आधी सांगतो. लष्करी वस्तू दोन प्रकारच्या असतात. ज्या फुटू शकतात आणि ज्या फुटू शकत नाहीत. पहिल्या प्रकारची शंका जरी आली, तरी ओळखण्याचं काम तिथेच थांबवायचं.

शंका केव्हा घ्यायची?

- दोन्ही बाजूंनी बंद असलेली जड नळी किंवा गोळा
- मागे पंख असलेली वस्तू
- कडी आणि पिन असलेली वस्तू
- टोकाला वेगळा, फिरणारा किंवा वेगळ्या धातूचा भाग असलेली वस्तू
- काडतूस, मग ते रिकामं वाटत असलं तरी

अशी वस्तू उचलायची नाही, ठोकायची नाही, उघडायची नाही, गरम करायची नाही आणि पोलीस ठाण्यात दाखवायला म्हणून डिकीत घालून तर अजिबात न्यायची नाही. लांब व्हायचं, लहान मुलांना लांब ठेवायचं आणि ११२ ला फोन करायचा. पोलिसांचं बॉम्बशोधक व नाशक पथक येऊन ते बघतं. जवळून फोटो काढायचा मोहही टाळायचा. गंज चढलाय म्हणजे निकामी झालंय, असं मुळीच नसतं. उलट जुना दारूगोळा जास्त बेभरवशाचा. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ, जुना दारूगोळा नष्ट करायच्या मैदानावर स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यात जवळच्या गावांतून कामाला आलेले मजूर होते. जिथे हे काम रीतसर चालतं तिथे असं होऊ शकतं, तर आपल्या अंगणात हातोडी घेऊन बसणाऱ्याचं काय होईल?

दुसरा धोका न दिसणारा आहे. अंधारात चमकणारी अक्षरं असलेली जुनी लष्करी होकायंत्रं, विमानातली घड्याळं आणि मीटर यांच्या रंगात पूर्वी रेडियम वापरायचे. आता ती अक्षरं चमकत नाहीत, कारण रंगातलं चमकणारं द्रव्य संपलेलं असतं. पण रेडियम तिथेच असतं. ते निम्मं व्हायला साधारण १६०० वर्षं लागतात. अशी वस्तू बंद असेल तर बंदच ठेवा. काच काढू नका, रंग खरवडू नका. भंगारातलं किरणोत्सर्गी सामान किती महागात पडतं, हे २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिसलं. विद्यापीठातून लिलावात गेलेलं एक जुनं यंत्र तिथे तोडलं गेलं, त्यात कोबाल्ट-६० होतं आणि एका कामगाराचा जीव गेला.

भावाच्या आरशात बंद भाग नव्हता, चमकीचा रंग नव्हता, नळी नव्हती. सगळे भाग उघडे आणि डोळ्यांना दिसणारे. म्हणून पुढे गेलो.

पायरी एक: फोटो कसा काढायचा

भावाने पाठवलेला पहिला फोटो पलंगावर ठेवून, ट्यूबलाइटखाली काढलेला होता. तो फोटोवरून शोधणाऱ्या ॲपमध्ये टाकला तर उत्तरं आली: दाढीचा आरसा, मेकअपचा आरसा, टेबलावरचा शोभेचा आरसा. यात ॲपचं फार चुकत नाही. त्याला गोल काच आणि स्टँड दिसलं, तसंच दिसणारं त्याने आणून दिलं. बाजारात लष्करी आरशांपेक्षा मेकअपचे आरसे लाखपटीने जास्त, मग फोटोही त्यांचेच जास्त.

मग मी त्याला असे फोटो मागितले:

१. सहा बाजू. पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून. खालचा फोटो सगळे विसरतात आणि बऱ्याचदा खूण तिथेच असते.

२. शेजारी पट्टी. शाळेतली साधी पट्टी वस्तूला लावून फोटो. मोबाईलची मापं घेणारी ॲप अंदाजाला ठीक आहेत, पण इथे मिलिमीटर महत्त्वाचा. आरसा भरला १२.७ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ५ इंच. माप सेंटिमीटरमध्ये अर्धवट आणि इंचात पूर्ण आलं, की वस्तू फूट-इंचाच्या काळातली किंवा त्या पद्धतीच्या देशातली असावी असा अंदाज बांधता येतो.

३. तिरका प्रकाश. ही युक्ती लक्षात ठेवा. खोलीत अंधार करा, एका मोबाईलचा टॉर्च वस्तूच्या अगदी बाजूने, जवळजवळ आडवा धरा आणि दुसऱ्या मोबाईलने वरून फोटो काढा. समोरून प्रकाश पडला की कोरलेली अक्षरं सपाट दिसतात. बाजूने पडला की प्रत्येक खाचेची सावली पडते आणि पुसट अक्षरं वर येतात.

४. कागद आणि पेन्सिल. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तेच. पातळ कागद खुणेवर ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा. खाचांमध्ये थोडी टाल्कम पावडर भरून वरची पुसून टाकली तरी अक्षरं उठून दिसतात.

एक गोष्ट करू नका. पितळ चकाचक करायला पॉलिश, चिंच, सँडपेपर काही लावू नका. धुळ्या-जळगावात पितळी भांडं चिंचेने घासायची सवय घराघरात आहे, पण इथे त्या घासण्यात खूण झिजत जाते आणि ओळख कायमची जाते.

एक सोपी तपासणी चुंबकाची. फ्रिजवरचं चुंबक लावून पाहा. चिकटलं नाही, तर लोखंड नाही. चुंबक नसेल तर मोबाईलमधलं होकायंत्राचं ॲप उघडून फोन वस्तूजवळ न्या. लोखंड जवळ आलं की सुई हलते, पितळाजवळ हलत नाही. आपला आरसा पितळीच निघाला, फक्त दोन स्क्रू लोखंडी होते.

पायरी दोन: खूण वाचायची

तिरक्या प्रकाशात बैठकीवर तीन गोष्टी दिसल्या. एक, इंग्रजी मोठ्या लिपीत एच, ई, एल, आय, ओ एवढी अक्षरं आणि पुढे घासलेली जागा. दोन, '५ इंच' आणि पुढे एम, के आणि रोमन पाच. तीन, १९१७ हा आकडा आणि त्याच्या शेजारी एक छोटी खूण: एका बिंदूतून निघालेल्या तीन रेघा, कावळ्याच्या पायासारख्या.

ही कावळ्याच्या पायाची खूण ओळखता आली, की निम्मं काम झालं समजा. इंग्रजीत तिला 'ब्रॉड ॲरो' म्हणतात. ब्रिटिश सरकारच्या मालकीच्या सामानावर ती शेकडो वर्षं मारली जायची. पेटी असो, दुर्बीण असो, नाहीतर पाण्याची बाटली असो. तिचे भाऊबंदही आहेत:

- बाणाच्या पायांमध्ये इंग्रजी 'आय' असेल, तर ब्रिटिश काळातल्या भारतीय सैन्याचं सामान
- बाण इंग्रजी 'सी' अक्षराच्या आत असेल, तर कॅनडा
- बाण 'यू' अक्षरात असेल, तर दक्षिण आफ्रिका
- दोन 'डी' अक्षरांच्या मध्ये बाण असेल, तर ऑस्ट्रेलिया
- दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील, तर ती वस्तू सेवेतून काढून रीतसर विकलेली

शेवटची खूण विशेष कामाची. वस्तू चोरीची की लिलावातली, या प्रश्नाचं उत्तर कधी कधी तिथेच कोरलेलं असतं.

'एम के' म्हणजे मार्क. सैन्यात एकाच वस्तूचं सुधारित रूप आलं की नाव तेच ठेवून मार्कचा आकडा वाढवतात, जसं मोबाईल कंपन्या मॉडेलचा आकडा वाढवतात. म्हणजे ही 'हेलिओ...' नावाच्या वस्तूची पाचवी आवृत्ती, आरसा ५ इंची आणि साल पहिल्या महायुद्धाचं.

आता शोध बदला. फोटो बाजूला ठेवा आणि अक्षरं टाईप करा. 'हेलिओ, ५ इंच, मार्क ५, सैन्य' एवढे शब्द इंग्रजीत टाकल्यावर पहिल्याच पानावर उत्तर आलं: हेलिओग्राफ. सूर्यप्रकाशाने संदेश पाठवायचं यंत्र.

पायरी तीन: रचना खूण खरी करते का?

नाव सापडलं म्हणजे संपलं नाही. खूण खोटीही असू शकते. शोभेच्या वस्तूंवर बाण आणि साल छापून 'अँटिक' म्हणून विकणारे आपल्याकडेही आहेत. म्हणून वस्तूचा प्रत्येक भाग त्या कामाला लागतो का, हे तपासायचं.

आरशासारख्या दिसणाऱ्या तीन उमेदवार वस्तू होत्या.

पहिला, दाढीचा आरसा. पण याच्या बरोबर मध्यभागी मसुरीच्या दाण्याएवढी जागा पाऱ्याविना आहे, म्हणजे तिथून आरपार दिसतं. दाढी करणाऱ्याला मधोमध भोक कशाला हवं?

दुसरा, हेलिओट्रोप. हे जमीन मोजणाऱ्या सर्व्हेवाल्यांचं यंत्र. जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८२१ साली ते शोधलं. भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातही दूरच्या टेकडीवरचं ठिकाण दिसावं म्हणून ते वापरलं गेलं. त्याचाही आरसा सूर्यप्रकाश लांब फेकतो. पण तो झोत स्थिर हवा असतो. त्याला चालू-बंद करायचं बटण लागत नाही.

तिसरा, हेलिओग्राफ. याला झोत तुटक तुटक हवा असतो, म्हणून बटण लागतंच. भावाला म्हटलं, मागचा छोटा दांडा हलकेच दाबून बघ. दाबल्यावर आरसा अगदी थोडा झुकला आणि सोडल्यावर परत जागेवर आला. निकाल तिथेच लागला. तो दांडा म्हणजे संदेश पाठवायची कळ.

नंतर ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल आणि लंडनचं नॅशनल आर्मी म्युझियम यांच्यासारख्या संग्रहालयांच्या ऑनलाइन संग्रहातले फोटो समोर ठेवून एकेक भाग जुळवला. पडताळणीसाठी विक्रीच्या जाहिरातींपेक्षा संग्रहालयांची पानं नेहमी बरी. जाहिरातीत लिहिणाऱ्याला वस्तू विकायची असते, संग्रहालयाला नसते. भावाच्या वस्तूत तिपाई, चामड्याची पेटी, नेम धरायची दांडी आणि जोडआरसा एवढं कमी होतं.

हे यंत्र चालायचं कसं?

हेन्री मान्स हे टेलिग्राफ खात्यातले इंजिनिअर. कराचीत नोकरीला असताना १८६९ साली त्यांनी हे यंत्र तयार केलं. दुसऱ्या अफगाण युद्धात, १८७८ ते १८८० मध्ये, ब्रिटिश-भारतीय फौजांनी ते डोंगराळ भागात वापरलं. तार टाकता येत नाही, टाकली तर कापली जाते, आणि ऊन मात्र भरपूर. अशा ठिकाणी याहून सोपं साधन नव्हतं.

चालवणारा आरशाच्या मागून, मधल्या पारदर्शक ठिपक्यातून समोरच्या टेकडीकडे बघायचा आणि पुढच्या दांडीवरची नेमाची खूण त्या रेषेत आणायचा. आता गंमत बघा. आरशाच्या मध्यावर पारा नाही, म्हणून परतणाऱ्या झोताच्या मधोमध एक काळा ठिपका पडतो. तो काळा ठिपका नेमाच्या खुणेवर आणला, की झोत बरोबर त्या टेकडीवर गेला. म्हणजे दाढीच्या आरशात जे व्यंग ठरेल, तेच इथे नेम धरायचं साधन. कळ दाबली की झोत समोरच्याला दिसतो, सोडली की हटतो. थोडा वेळ दाबली तर टिंब, जास्त वेळ दाबली तर रेघ. मोर्स कोड. सूर्य सरकत राहतो, म्हणून मागच्या स्क्रूंनी आरसा सारखा जुळवत राहायचा. सूर्य पाठीमागे असेल तर जोडआरशाने ऊन पुढच्या आरशावर घ्यायचं.

किती लांब जायचं? ढोबळ हिशोब होता की आरशाच्या दर इंचामागे दहा मैल, म्हणजे ५ इंची आरशाला ५० मैल, साधारण ८० किलोमीटर. अमेरिकन सैन्याने १८९४ साली ८ इंची आरशांनी युटा आणि कोलोरॅडोच्या डोंगरांमध्ये १८३ मैलांवर संदेश पाठवला होता.

आपल्या मोबाईलच्या टॉर्चशी तुलना करून बघू. ५ इंची आरशावर खानदेशच्या कडक उन्हात साधारण १२ वॅट सूर्यप्रकाश पडतो. मोबाईलचा टॉर्च एखाद्या वॅटच्या घरातला. पण खरा फरक वॅटचा नाही, पसरण्याचा आहे. टॉर्चचा उजेड खोलीभर पसरतो. आरशाचा झोत फक्त सूर्याच्या दिसण्याएवढा, म्हणजे सुमारे अर्धा अंश पसरतो. एक किलोमीटरवर त्याची रुंदी होते साधारण ९ मीटर. समजा लळिंगच्या किल्ल्यावरून सोनगीरच्या किल्ल्याकडे झोत टाकला आणि मध्ये काही आड आलं नाही, तर तीसेक किलोमीटरवर तो पावणेतीनशे मीटर रुंद असेल. त्या पट्ट्यात उभा असेल त्यालाच दिसेल, बाजूच्या गावाला नाही. म्हणजे वायरलेस, बॅटरीविना, आणि चोरून वाचायला अवघड. तोटा एकच: ढग आले, रात्र झाली, धूळ उडाली, की नेटवर्क गेलं.

आणि एक सांगू का? प्रकाश चालू-बंद करून निरोप पाठवायचा, हेच तत्त्व आज तुमच्या घरी येणाऱ्या फायबर इंटरनेटचं आहे. तिथे सूर्याच्या जागी लेझर आहे, कळेच्या जागी चिप, आणि टिंब-रेघेच्या जागी एक आणि शून्य. वेग मात्र मिनिटाला काही शब्दांवरून सेकंदाला कोट्यवधी बिटांवर गेला. (हे वाचून कुणी गच्चीवरून आरशाचा झोत हायवेवरच्या गाड्यांवर किंवा रेल्वेवर टाकू नका. चालकाच्या डोळ्यांवर क्षणभर अंधारी आली तरी अपघात होतो.)

मग किंमत किती? विकता येते का?

आता त्या तीन सल्ल्यांकडे येऊ.

'खास धातू' वाल्याचं आधी. हेलिओग्राफमध्ये पितळ, काच, काचेमागचा चकाकता थर आणि थोडं लोखंड, याशिवाय खास असं काही नसतं. जुन्या तांब्या-पितळेच्या वस्तूत गूढ शक्ती आहे, ती तांदूळ ओढते, परदेशी कंपनी कोट्यवधी देते, अशी फसवणूक 'राईस पुलर' या नावाने देशभर चालते. ओळखायची खूण एकच: विकणारे तुम्ही, आणि पैसेही आधी तुम्हीच भरायचे. टेस्टिंग फी, शास्त्रज्ञाचा खर्च, सर्टिफिकेट, नाव काहीही असो. असा मेसेज आला तर पैसे भरू नका. भरले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

नानांचा मोडीचा सल्ला प्रामाणिक होता, पण मोडीत वस्तूला तिच्या वजनाचा भाव मिळतो, तिच्या ओळखीचा नाही. आणि एकदा वितळली की परत येत नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. इतिहासाच्या किंवा विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाची आणि १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू त्याच्या व्याख्येत बसू शकते. अशी पुरावस्तू खासगी माणसाला परदेशी विकता किंवा पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. आपल्या आरशावर साल आहे १९१७. म्हणजे परदेशी साइटवर जाहिरात टाकायच्या आधी राज्याच्या पुरातत्त्व खात्याला विचारायला हवं. बघा, तिरक्या टॉर्चने वाचलेल्या चार आकड्यांवर केवढं अवलंबून होतं!

विचारायला जवळ कुठे जायचं? धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि त्याचं संग्रहालय आहे. लष्करी संदेशवहनाच्या वस्तूंसाठी जबलपूरला कोअर ऑफ सिग्नल्सचं संग्रहालय आहे, भुसावळवरून रेल्वेने सरळ जाता येतं. रणगाडे-गाड्यांसाठी अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आहे. वस्तू घेऊन जायच्या आधी फोटो, मापं आणि खुणेचा पेन्सिलने काढलेला ठसा पाठवा.

वस्तू नवी असेल तर? तेरा आकडे शोधा

सगळ्या वस्तू १९१७ च्या नसतात. गेल्या काही दशकांतल्या बऱ्याच विदेशी आणि काही भारतीय लष्करी वस्तूंवर १३ आकड्यांचा नंबर असतो. त्याला नाटो स्टॉक नंबर म्हणतात. ही एक प्रकारची आधार संख्याच समजा. वाचायची पद्धत अशी:

- पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात. ६६०५ म्हणजे दिशा दाखवणारी उपकरणं, उदाहरणार्थ होकायंत्र. ५८०५ म्हणजे टेलिफोनचं सामान. ८४६५ म्हणजे सैनिकाच्या अंगावरचं सामान, पाठपिशवी वगैरे. ८१४० म्हणजे दारूगोळ्याच्या पेट्या.
- पुढचे दोन आकडे देश सांगतात. ०० किंवा ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, ७२ भारत.
- शेवटचे सात आकडे त्या एका वस्तूचे.

आणि हे पाठ करून ठेवा: वर्गाचा नंबर १३ ने सुरू होत असेल, उदाहरणार्थ १३०५ किंवा १३३०, तर तो दारूगोळा आणि स्फोटकांचा गट आहे. मग परत पायरी शून्यवर जा.

काडतुसाच्या बुडावरची अक्षरंही बोलतात. इंग्रजी ओ-एफ-व्ही म्हणजे आपलं वरणगाव, के-एफ म्हणजे पुण्याजवळची खडकीची फॅक्टरी. पण शेतात किंवा भंगारात पुंगळी दिसली तर ती वाचायला खिशात घालू नका. जिवंत काडतूस विनापरवाना बाळगणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि जिवंत की रिकामं हे ठरवणं आपलं काम नाही.

थोडक्यात सांगायचं तर

१. आधी धोका तपासा. शंका आली तर लांब व्हा आणि ११२ ला फोन करा.
२. घासू नका, पॉलिश करू नका, उघडू नका.
३. सहा बाजूंचे फोटो, पट्टीसह, आणि तिरक्या प्रकाशात खुणेचा जवळून फोटो.
४. फोटोने शोधा, पण उत्तर मानायच्या आधी अक्षरं आणि आकडे टाईप करून परत शोधा.
५. नाव सापडलं की प्रत्येक भागाला विचारा, "तू इथे कशाला आहेस?" उत्तर नसलेला एखादा भाग उरला, तर नाव अजून पक्कं नाही.
६. संग्रहालयाच्या फोटोंशी जुळवा. साल १०० वर्षांपूर्वीचं असेल तर विकायच्या आधी पुरातत्त्व खात्याला विचारा.
७. आधी पैसे मागणाऱ्याला ब्लॉक करा.

आपल्याकडच्या भंगाराच्या दुकानांत रोज काही ना काही वजनकाट्यावर चढतं आणि भट्टीकडे जातं. त्यातलं बहुतेक खरंच भंगार असतं. पण एखाद्या वस्तूवर कावळ्याचा पाय असतो, आणि तो दिसायला महागडा फोन लागत नाही. टॉर्च आडवा धरायचा, एवढंच.